कुंपणाची निगा, माळ्याची निगा

गेल्या वर्षी एप्रिलमधील एका दुपारी चौऱ्याहत्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक माझ्या दवाखान्यात आले. घराभोवतीचे मेंदीचे कुंपण छाटताना त्यांना भोवळ आली होती. बसलेले असताना रक्तदाब ठीक होता, उभे राहताच तो घसरत होता. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू, आणि सकाळपासून पोटात केवळ दोन कप चहा. सलाईन आणि विश्रांतीने ते संध्याकाळपर्यंत सावरले. मी चिठ्ठीवर लिहिले: ‘बागकाम बंद.’

जूनमध्ये ते पुन्हा आले, तेव्हा वजन उतरले होते, झोप बिघडली होती, गुडघे आखडले होते. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “डॉक्टर, कुंपण वाळलं आणि हेही. सकाळी उठायला यांना काही कारणच उरलं नाही.” चूक माझी होती. बंद करायला हवे होते ते दुपारचे ऊन. मी बागच बंद केली.

म्हणून वाचकहो, उन्हाळ्याची तयारी आताच, होळीपूर्वी करावी. आता थोडे श्रम केले, तर एप्रिल-मे महिन्यांत कुंपणाला तुमची गरज कमी लागते.

पहिले काम छाटणीचे. ती हलकी असावी. वाळक्या आणि वेड्यावाकड्या फांद्या तेवढ्या काढाव्यात. भर उन्हाळ्यात खोल छाटणी केली, तर आतल्या फांद्या उघड्या पडून भाजतात आणि कोवळी पालवी करपते. दुसरे काम पाण्याचे. बुंध्यांच्या रांगेलगत उथळ चर काढावा आणि त्यात सावकाश पाणी सोडावे. रोजच्या वरवरच्या शिंपणाने मुळे वरच राहतात. चार-पाच दिवसांनी, पण वीतभर खोल मुरेल असे पाणी दिले, की मुळे खाली ओल शोधतात. अर्थात हलक्या, मुरमाड जमिनीत हे अंतर कमी ठेवावे लागते. तिसरे काम आच्छादनाचे. चरात शेणखत घालून त्यावर पालापाचोळ्याचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा, मात्र तो बुंध्याला चिकटवू नये. त्यामुळे ओल टिकते.

पाचोळ्यात विंचू दडतात, म्हणून त्यात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावे. पायांत बंद बूट असावेत. मधुमेहात पायांची संवेदना कमी झाली असेल, तर काटा रुतलेला कळतही नाही. काम संपल्यावर तळवे नीट पाहावेत. पाण्याची नळी वाटेत पसरून ठेवू नये. मांडीचे हाड मोडण्यास तेवढे निमित्त पुरते.

कुंपण कशाचे आहे, हेही पाहावे. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होतो. अशा वेळी डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावा आणि त्वरित नेत्रतज्ज्ञांकडे जावे. कण्हेरीचे सर्व भाग विषारी असतात आणि ते विष हृदयावर परिणाम करते. नातवंडांना त्यापासून दूर ठेवावे आणि छाटलेल्या फांद्या जाळू नयेत.

आता माळ्याची निगा. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते आणि घामही कमी येतो. तहान लागेपर्यंत थांबू नये. कामापूर्वी एक पेला पाणी प्यावे आणि दर वीस मिनिटांनी सावलीत बसून थोडे थोडे घ्यावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. उन्हाळ्यात मात्रा बदलावी का, हे मात्र अवश्य विचारावे. काम सूर्योदयानंतर लगेच सुरू करून आठपर्यंत आटोपावे. वाकलेल्या स्थितीतून झटकन उठू नये.

घरच्यांसाठी एक सूचना. बागेतील व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, गुंगीत गेली, अंग तापले, तर तो उष्माघात समजावा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत सावलीत आडवे करून, कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडावे आणि वारा घालावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

मेंदी मोठी चिवट. गुरुजींचे कुंपण पावसात पुन्हा फुटले. या फेब्रुवारीत त्यांनी चर काढून घेतला; खणायला नातू होता, पाचोळा त्यांनी स्वतः पसरला. त्यांच्या चिठ्ठीत मी दुरुस्ती केली आहे: ‘बागकाम, रोज सकाळी, पाऊण तास.’