टीव्ही केवढा घ्यावा?

मंडळी, सध्या आमच्या शिरोळमध्ये ५५ इंची टीव्हीची हवा आहे. हे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे. भिंतीवर तो साधारण चार फूट रुंद येतो. सात फुटांवर बसायला जागा असेल तर बघायला मस्तच!

पण माझं माप वेगळं आहे. २००५, २०१९, २०२१... कृष्णा-पंचगंगेला महापूर आला की आधी माणसं, मग जनावरं, मग धान्य. टीव्हीचा नंबर त्यानंतर. एवढा पातळ पडदा आडवा टाकून नेता येत नाही, उभाच धरावा लागतो, तोही दोघांनी. त्या वेळी दोन माणसं मोकळी असतात कुठे?

म्हणून आम्ही ४३ इंची घेतला. एकट्याला उचलून माळ्यावर नेता येतो. खोकंही जपून ठेवलंय. क्रिकेट त्यातही छान दिसतं!

असो. तुम्ही कुठलं माप लावता?