काडेपेटी आणि बाटली

गेल्या फाल्गुनात गावात सेंद्रिय शेतीचा मेळावा झाला. देवळापुढं मांडव, पुढं खुर्च्या, मागं सतरंज्या, टेबलावर बाटल्यांची उतरंड. व्याख्यानाला आलेले साहेब म्हणाले, "ह्या बाटलीतलं औषध पाण्यातनं सोडा. एका हंगामात जमिनीचा सेंद्रिय कर्ब ०.४ वरनं १ वर जाईल." टाळ्या पडल्या. मी दहावी शिकलेला माणूस, पण टक्केवारीचं गणित तिथवर शिकवतातच. उठून उभा राहिलो.

एक एकराची वरची अर्धा फूट माती धरली, तर वजन भरतं साधारण नऊ लाख किलो. कर्ब नुसता ०.१ टक्क्यानं वाढवायचा म्हटला तरी ९०० किलो कर्ब मातीत टिकून राहायला पाहिजे. ०.६ नं वाढवायचा म्हणजे ५,४०० किलो. "साहेब, एवढा कर्ब ह्या लिटरभर बाटलीत बसवला कसा?"

साहेब हसले. म्हणाले, ते काम जिवाणू करतात. करतात, नाही कोण म्हणतंय? पण जिवाणू म्हणजे विरजण. घरात दूधच नसलं तर चमचाभर विरजण घेऊन रात्रभर बसलं म्हणून दही लागत नाही. दूध म्हणजे शेण, पालापाचोळा, धसकटं, मुळ्या, पाचट. आणि ते दूध आम्ही, त्या मांडवातली झाडून सगळी मंडळी, दरसाल काडी लावून पेटवतो. त्या दिवशीसुद्धा देवळामागच्या रानात कुणाचं तरी पाचट पेटलेलं होतं. काजळी उडत येऊन साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर पडत होती, ते झटकत होते नि बाटलीबद्दल बोलत होते. धुराबद्दल कोण बोलेना.

मीही वीस वर्षं पेटवलंय, म्हणून तर बोलतोय. वडिलांच्या वेळी घरटी उकिरडा होता. उन्हाळ्यात धनगराची मेंढरं रानात बसवायची, त्याला रात्रीमागं ज्वारी मोजून द्यायची. ताग गाडायचा. पुढं कृष्णेचं पाणी उपसा योजनेनं वर आलं, ऊस आला, ट्रॅक्टर आला. बैलं गेली, त्यांच्यामागं उकिरडा गेला. त्या जागेवर आम्ही फरशीचा कट्टा बांधला. वडील त्यावर बसून मला म्हणायचे, "रान उपाशी हाय रं." मी म्हणायचो, "पोत्यानं घालतोय की युरिया." २०११ साली माती तपासली, कर्ब निघाला ०.४२. एकरी साठ टनांचा ऊस अडतीसवर आला होता. वडील तोवर गेले होते.

एकरी तीन-चार टन पाचट निघतं. त्यात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नुसता कर्ब. पेटवलं की तासाभरात आभाळात. कुजवलं तरी बरंचसं शेवटी हवेतच जातं, हे खोटं कशाला बोलू? पण ते सावकाश जातं, गांडुळांची, जिवाणूंची पोटं भरून जातं, आणि थोडंसं मागं राहतं. त्या थोड्याशावरच सगळं आहे. मी २०१२ पासून काडी लावली नाही. २०२१ चा अहवाल ०.६१ आला. नऊ वर्षांत ०.१९. साहेबांच्या हिशेबानं मी नापास!

शुद्ध सेंद्रियवाल्यांशीही माझं पटत नाही. वाळक्या पाचटात नत्र कमी. कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात नि खोडवा पिवळा पडतो. मग लोक म्हणतात, बघा, पाचट ठेवलं की असं होतं. म्हणून कृषी विद्यापीठाची शिफारस आहे, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट, १ किलो कुजवणारे जिवाणू. पहिली तीन वर्षं मी तेच केलं, आता शेणाची स्लरी सोडतो. युरियाचं नाव काढलं की ह्यांची नाकं मुरडतात. ज्यांच्या दारात चार म्हशी आहेत त्यांनी मुरडावीत. बिनम्हशीच्या माणसानं काडी लावण्यापेक्षा आठ किलो युरिया टाकलेला मला चालतो.

आणि शहरातली माणसं. पंजाबात भाताचा पेंढा जळतो म्हणून हळहळतात. आमचा धूर त्यांना चहातल्या साखरेत दिसत नाही.

तिसऱ्या वर्षी धाकट्या चुलतभावानं बांधापलीकडं पाचट पेटवलं. वारं फिरलं. माझा खोडवा, अंथरलेलं पाचट, ठिबकच्या नळ्या, दीड एकर दुपारभरात काळं. "दादा, वाऱ्यानं घात केला," म्हणाला. वाऱ्याला काडी कुणी दिली, हे मी विचारलं. दोन वर्षं बोलणं बंद होतं, दूध-साखरेची देवघेव फक्त बायकांची.

त्याची बाजू खोटी नाही. पाचटात उंदीर होतात, पाणी पुढं सरकत नाही, खत टाकायला मजूर त्यात पाय घालत नाहीत, कुट्टीच्या यंत्राला भाडं पडतं. काडेपेटी दोन रुपयांची. पाण्यावर उपाय आहे, एका सरीत पाचट, शेजारच्या सरीत पाणी. मी त्याला बांधावर नेऊन दाखवलंय. पाचटाखाली हात घालून ओल बघितली त्यानं, गांडूळ बघितलं. "तुझं बरं हाय दादा, तुझ्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज न्हाय," एवढंच म्हणाला. मला उत्तर सुचलं नाही.

मेळाव्यात त्यानं दोन बाटल्या घेतल्या. औंदा त्याचा ऊस माघात तुटणार आहे. टोळी आली की मी आधी माझ्या बाजूनं बांधालगतचं पाचट दहा फूट मागं ओढून घेणार, आणि टाकी भरलेला फवारणीचा पंप तिथंच ठेवणार.