झाडपाल्याचे म्हणून निर्धोक?

इंग्लंडला मुलीकडे गेलेल्या आपल्या एका वाचक आजींचे पत्र आले आहे. जावयाने घरामागची बाग मुद्दामच मोकळी, रानवट ठेवली आहे आणि कुंपणालगत फॉक्सग्लोव्हचे जांभळ्या फुलांचे उंच तुरे आले आहेत. "यापासून हृदयाचे औषध होते म्हणतात. मी डिगॉक्सिनची गोळी घेतेच, मग पानांचा काढा घेतला तर?" असे त्या विचारतात.

आजी, मुळीच घेऊ नका. औषध होते हे खरे. श्रॉपशायरमधील एका बाईच्या सुजेवरील घरगुती औषधातून डॉ. विल्यम विदरिंग यांनी हे झाड हेरले, दहा वर्षे रुग्णांवर मात्रा पारखली आणि १७८५ साली पुस्तक लिहिले. मात्रा जास्त झाली तर उलट्या होतात, सारे पिवळे-हिरवे दिसते, नाडी मिनिटाला ३५ पर्यंत उतरते, हेही त्यांनी नोंदले आहे. गोळीत औषध मोजून घातलेले असते, फार तर पाव मिलिग्रॅम. पानात किती आहे हे कोण सांगणार? उकळून विष जात नाही, आणि गोळीवर काढा म्हणजे विषावर विष. "झाडपाल्याचे आहे, अपाय नाही" हे वाक्य मी दवाखान्यात दर आठवड्याला ऐकतो. मला ते पटत नाही.

मात्र झाडे उपटायला लावू नका. पहिल्या वर्षी नुसता पानांचा झुबका, दुसऱ्या वर्षी फुले, आणि बारीक बी पडेल तिथे रोप, असा याचा स्वभाव. म्हणून तर अशा बागेत ते शोभते. धोका पहिल्या वर्षीच्या पानांचा. कॉम्फ्रे समजून ती चहात घातल्याने तिकडे विषबाधा झालेल्या आहेत. भाजीच्या वाफ्यात उगवलेले रोप तेवढे काढावे, हात धुवावेत, आणि यातले काही तोंडात घालायचे नाही हे नातवंडांना सांगावे.

इकडच्या वाचकांनी निश्चिंत होऊ नये. आपल्या मैदानी उन्हात फॉक्सग्लोव्ह तगत नाही, पण तसेच हृदयावर चालणारे विष आपल्या फाटकाशी उभे असते: बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर. फुले देवाला जातात, बिया मुलांच्या खेळात. मुलाने बी चघळली तर मीठपाणी पाजून उलट्या काढत बसू नका. उरलेली बी सोबत घेऊन, ई.सी.जी.ची सोय असेल अशा रुग्णालयात लगेच न्या. मूल हसतेखेळते दिसले तरी न्या. ठोके काही तासांनीही बिघडतात.