डेकाट्रॉनचा ठिपका फिरता ठेवताना

काचेच्या नळीत मधोमध धातूची चकती, भोवती वर्तुळात उभे तीस बारीक कॅथोड आणि आत कमी दाबाचा निऑन. चारशे-साडेचारशे व्होल्ट दिले की एका कॅथोडच्या टोकाशी नारिंगी ठिपका उजळतो आणि विजेच्या प्रत्येक स्पंदासरशी एकेक अंक पुढे सरकतो. तिसांपैकी दहा कॅथोड अंकांचे. उरलेले वीस ठिपक्याला पुढच्या अंकाकडे वळवण्यापुरते. हा डेकाट्रॉन. १९५०च्या सुमारास ब्रिटनच्या एरिक्सन टेलिफोन्स कंपनीने तो आणला. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या ‘स्केलर’ यंत्रांत तो बरीच वर्षे राबला आणि ट्रान्झिस्टर आल्यावर मागे पडला. आज त्याला गिऱ्हाईक आहे ते मुख्यतः घरी घड्याळे बनवणाऱ्या हौशी मंडळींचे. या हौसेने जुन्या नळ्या वाचतात की संपतात, यावर जाणकारांचे एकमत नाही.

हौशी मंडळींची बाजू आधी घेऊ. प्रयोगशाळांनी मोडीत काढलेली यंत्रे भंगारात जात होती. त्यातल्या नळीला पैसे मिळू लागले तेव्हा भंगारवाला ती जपून काढू लागला. शिवाय डेकाट्रॉन नुसता कपाटात ठेवूनही धड राहत नाही. वर्षानुवर्षे न वापरलेल्या नळीत ठिपका एखाद्या कॅथोडवर अडतो किंवा एक घर गाळून उडी मारतो. उपाय साधा आहे: ठिपका काही तास, कधी काही दिवस, सतत फिरवत ठेवायचा. आयनांच्या माऱ्याने कॅथोडचा पृष्ठभाग साफ होतो आणि बऱ्याच नळ्या पुन्हा नीट मोजू लागतात. हे काम चिकाटीने करणारे बहुतेक जण घड्याळवालेच आहेत, आणि हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

मात्र ज्या किमतीने नळी भंगारातून वाचवली, त्याच किमतीने अखंड यंत्र धोक्यात आले. चालू स्केलर एक वस्तू म्हणून विकण्यापेक्षा त्यातल्या नळ्या सुट्या विकणे फायद्याचे ठरू लागले, तर फोडणाऱ्याला दोष तरी किती द्यायचा? संग्रहालयांकडे ओढा असणाऱ्यांचे दुखणे नेमके हे आहे. सुटी नळी ठिपका दाखवते. पण ती कशासाठी मोजत होती, एका नळीचा हातचा दुसरीकडे कसा जात होता, हे यंत्रातच कळते.

ब्रिटनमधल्या हार्वेलचा संगणक या बाजूचा सर्वांत भक्कम दाखला आहे. १९५१ साली चालू झालेल्या या अडीच टनांच्या यंत्राची स्मृती ८२८ डेकाट्रॉनची होती. १९५७मध्ये ते वुल्व्हरहॅम्प्टनच्या तंत्रमहाविद्यालयाकडे गेले, १९७३पर्यंत विद्यार्थ्यांना शिकवत राहिले, मग सुटे करून साठवले गेले. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये ब्लेचली पार्कच्या संगणक संग्रहालयात ते पुन्हा सुरू झाले. साठवणीच्या काळात कुणी त्याच्या नळ्या विकायला काढल्या असत्या, तर त्यांतून पुष्कळ घड्याळे झाली असती आणि हा संगणक कायमचा गेला असता. परंतु हाही दाखला ताणू नये. हार्वेलचे यंत्र एकमेव होते. कारखान्यातून एका साच्यात निघालेल्या प्रत्येक स्केलरला तोच मान मागणे रास्त नाही.

फेरफारांचा प्रश्न याहून बारीक आहे. जीसी १० बी ही प्रचलित नळी निव्वळ मोजणारी: तिच्या शून्याच्या कॅथोडला तेवढी स्वतंत्र पिन, बाकी नऊ आतच एकत्र जोडलेले. घड्याळात साठाला परतायचे तर सहावर आल्याचे कळायला हवे, आणि ते ही नळी सांगत नाही. म्हणून आजचे कारागीर मूळ मंडल सोडून मायक्रोकंट्रोलर लावतात आणि ठिपक्याचा हिशेब त्याच्याकडे देतात. शुद्धतावाद्यांना हे खटकते, कारण मग नळी मोजत नाही, केवळ दिसते. दुसरीकडे, या बदलात नळीला धक्का लागत नाही. उद्या ती काढून जुन्या यंत्रात बसवता येते.

अडलेली नळी लवकर सुटावी म्हणून जादा प्रवाह देण्याबद्दल आम्ही एवढे उदार नाही. कॅथोड साफ होतो हे खरे, पण उडालेला धातू काचेवर आणि शेजारच्या कॅथोडवर बसतो. आजचे काम उद्याच्या आयुष्यातून वळते होते. घड्याळातली तासाची नळीही अशीच झिजते, कारण ठिपका तासभर एकाच जागी जळतो. दर काही मिनिटांनी त्याला दोन-चार फेऱ्या मारायला लावणे ही प्रोग्रॅममधली किरकोळ भर आहे, आणि ती नसलेले घड्याळ आम्हाला अपुरे वाटते.

एकंदरीत आमचा कल वापराकडे आहे. सुट्या आणि आधीच निघालेल्या नळ्या खुशाल घड्याळात लावाव्यात. पिना न कापता, सॉकेटवर बसवून. चालू किंवा दुरुस्त होण्याजोगे अखंड यंत्र मात्र फोडू नये, मग नळ्यांना कितीही भाव येवो. मधली प्रकरणे अवघड राहतील: ट्रान्सफॉर्मर जळालेला, निम्म्या नळ्या मेलेल्या, पण पेटी आणि आकृत्या शाबूत असलेला स्केलर. तो फोडणाऱ्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण आधी त्याच नमुन्याचे यंत्र दुरुस्त करणारा कुणी आहे का, याची चौकशी त्याने करावी, आणि असला तर चालू नळ्यांवर पहिला हक्क त्याचा मानावा.