सल्ला देणाऱ्याची सनद



शाळेचे वर्ष सुरू झाले की एक-दोन महिन्यांत काही घरी एक चिठ्ठी येते. शाळेच्या योएत्सेतने, म्हणजे समुपदेशिकेने, आईवडिलांना भेटीस बोलाविलेले असते. आपल्यातील पुष्कळ घरी ही चिठ्ठी वाचून आईचा चेहरा उतरतो. वडील म्हणतात, "माझ्या पोराला काही वेड लागलेले नाही." उद्या सोयरीक जमवताना कोणी हे उकरून काढील, अशी भीती आजीला वाटते, आणि ती चिठ्ठी कपाटाच्या खणात जाऊन पडते.

शिक्षकी पेशात आमची बरीच वर्षे गेली, आणि अशा चिठ्ठ्यांचे काय होते हे आम्ही जवळून पाहिले आहे. त्यातील एक हकीकत सांगतो. आपल्याच समाजातील एक मुलगा आमच्या वर्गात होता. अभ्यासात बरा, स्वभावाने शांत. एका वर्षी तो वर्गात डुलक्या घेऊ लागला, पुढे बोलेनासा झाला. समुपदेशिकेने आईवडिलांना दोनदा बोलाविले. ते आले नाहीत. मुलाच्या आईने आम्हांला फोन केला, "सर, तुम्ही आपले माणूस, तुम्हीच सांगा, जायलाच हवे का?" आम्ही तिची समजूत घातली, "वयच असे असते, होईल ठीक." आम्हांला वाटले, आम्ही धीर दिला.

त्याच सुमारास कोणा ओळखीच्याच्या शिफारशीवरून ती मंडळी मुलाला एका गृहस्थाकडे नेत होती. हे गृहस्थ स्वतःला 'थेरपिस्ट' म्हणवीत. भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र होते. ते काही आठवड्यांच्या वर्गाचे होते, हे मागाहून कळले. सात महिने पैसे भरले गेले आणि मुलाला उपदेश मिळाला की, मन घट्ट कर. अखेर पेसाखच्या अगोदर आई शाळेत आली. समुपदेशिकेने मुलाला तासभर बोलते केले, तेव्हा उलगडा झाला. वडील आजारी होते. आई रात्रपाळीला जाई. आणि हा मुलगा रात्र रात्र वडिलांच्या उशाशी जागा राहत असे. समुपदेशिकेने नगरपालिकेच्या समाजसेविकेशी गाठ घालून दिली, घरी मदतीची सोय झाली, मुलगा झोपू लागला. बग्रूतच्या परीक्षा त्याने पुढे एक वर्ष उशिरा दिल्या. ते वर्ष मात्र गेले ते गेलेच, आणि त्यात आमच्या त्या "होईल ठीक"चाही वाटा होता. हे सांगितल्यावाचून पुढे लिहिण्याचा आम्हांला अधिकार नाही.

आम्ही अध्यापनाचे शिक्षण घेतले आहे, समुपदेशनाचे नाही. या दोहोंतील अंतर आम्हांला तेव्हा कळले. ते सर्वांनाच कळावे म्हणून थोडी माहिती देतो.

या देशात शाळेची समुपदेशिका होण्यासाठी पहिली पदवी आणि अध्यापनाचा दाखला हवा. त्यावर शैक्षणिक समुपदेशनाची दुसरी पदवी हवी. तेल अवीव, हैफा, बार-इलान या विद्यापीठांत आणि काही अध्यापक महाविद्यालयांतही ती घेता येते. साधारण दोन वर्षांच्या या अभ्यासात मुलांची वाढ, कुटुंबातील संबंध, शिकण्यातील अडचणी आणि संकटप्रसंगी करावयाची कामे शिकवितात. शिवाय विद्यार्थिनीला शाळेत जाऊन अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करावे लागते. कोठे बोलावे आणि कोठे गप्प बसून ऐकावे, हे तिला तेथे समजते. शिक्षणखात्याची 'शेफी' नावाची मानसशास्त्रीय व समुपदेशन सेवा आहे. शाळांतील या कामावर तिची देखरेख असते.

समुपदेशिका वेगळी, मानसशास्त्रज्ञ वेगळा. १९७७ च्या कायद्याप्रमाणे आरोग्यखात्याच्या नोंदवहीत ज्याचे नाव नाही, त्याला स्वतःला मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेता येत नाही. शैक्षणिक मानसशास्त्रातील तज्ज्ञ व्हायचे, तर दुसऱ्या पदवीनंतरही काही वर्षांची उमेदवारी आणि परीक्षा आहे. समाजसेवकांसाठी १९९६ चा कायदा आहे आणि त्यांचीही नोंदवही आहे. 'थेरपिस्ट' या शब्दाला मात्र असे कायद्याचे कुंपण नाही. ती पाटी शिकलेलाही लावतो आणि न शिकलेलाही. म्हणून पाटी वाचून थांबू नये. "आपण काय शिकलात? आपले नाव कोणत्या नोंदवहीत आहे?" हे नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे. खरा शिकलेला मनुष्य या प्रश्नाने रागावत नाही. जो रागावेल, त्याच्या दारातून परत फिरावे.

आणखी एक भीती दूर केली पाहिजे. समुपदेशिका मुलाला औषध देत नाही, तो तिचा अधिकारच नव्हे. तिच्याशी बोललेले ती चारचौघांत सांगत नाही. याला अपवाद आहे, तोही माहीत असावा. घरच्या वा सांभाळ करणाऱ्या मनुष्याकडून मुलाचा छळ होत असल्याचा सकारण संशय आला, तर १९८९ पासूनच्या कायद्याने तिला तो समाजकल्याण अधिकाऱ्याला वा पोलिसांना कळवावाच लागतो; आम्हां शिक्षकांनाही लागतो. हा कायदा मुलाच्या रक्षणासाठी आहे.

कोणी म्हणतील, आपल्या कोकणात, मुंबईत कोठे होत्या समुपदेशिका? मुकादम होते, खजान होते, घरात आत्या-मावश्या होत्या. त्यांच्या सल्ल्याने पिढ्या वाढल्या. हे खरे आहे आणि त्या मंडळींविषयी आम्हांला आदरच आहे. परंतु मुकादमांपुढे तंटा गेला की निवाडा होई, आणि तो सगळ्या आळीला कळे. मुलाच्या मनात काय सलते हे विचारण्याची ती जागा नव्हती. आत्या-मावशी पदराखाली घेत, हे खरे. पण आता आत्या दिमोनाला, मावशी अश्दोदला आणि मूल घरी एकटे, अशी आपली स्थिती आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो आम्ही टाळत नाही. शाळांनी आपल्या मुलांना नेहमीच नीट ओळखले असे नाही. वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालणारे मूल येथे आत्मविश्वास नसलेले ठरते. हुशार मुलांना धंदेशिक्षणाच्या वर्गात ढकलल्याच्या कथा आपल्या घराघरांत आहेत. पण यावर उपाय चिठ्ठी खणात टाकणे हा नव्हे. भेटीस जावे, प्रश्न विचारावेत, हिब्रू अडत असेल तर बरोबर कोणास न्यावे, आणि पटले नाही तर तसे सांगावे. त्याहून मोठा उपाय म्हणजे त्या खुर्चीवर आपल्यापैकी कोणी बसणे. आपल्या ज्या मुली-मुलगे आज शिक्षक आहेत, त्यांची निम्मी वाट चालून झालेली आहे. पुढील दोन वर्षांसाठी घरच्यांनी त्यांना बळ द्यावे. ज्यांची पदवी भारतातील आहे, त्यांनी परदेशी पदव्यांचे मूल्यांकन करणाऱ्या शिक्षणखात्याच्या विभागाकडे कागद आधीच पाठवावेत, म्हणजे वेळ वाया जात नाही.

कागद मागण्याचा आपल्या समाजाला जुना सल आहे, हे आम्ही जाणतो. १९६२ साली मुख्य रब्बीमंडळाने आपल्या लोकांच्या विवाहप्रसंगी पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. आपल्या वडीलधाऱ्यांनी येरुशलेममध्ये ठाण मांडले, आणि १९६४ साली त्या आदेशातून बेने इस्राएलांचा खास उल्लेख निघाला. ज्याला कोणी विनाकारण वंशाचा पुरावा मागितला, त्याला दुसऱ्याकडे सनद मागताना संकोच वाटणे साहजिक आहे. परंतु तेथे प्रश्न जन्माचा होता. येथे शिक्षणाचा आहे. जन्माचा दाखला मागणे हा अपमान होता. आपले मूल ज्याच्या हाती द्यायचे, त्याच्या शिक्षणाचा दाखला मागणे हे आईबापांचे कर्तव्य आहे.

यंदा आपल्या घरी ती चिठ्ठी आली, तर खण उघडू नका. वेळ ठरवा आणि दोघेही जा. आणि कोणी आम्हांला फोन करून विचारले, "सर, जायलाच हवे का?" तर या खेपेस आमचे उत्तर तयार आहे: होय, जायलाच हवे, हवे तर आम्ही बरोबर येतो.