काळे पाणी कुणाचे?

मराठी समीक्षेत अंदमानचा विषय निघाला की चर्चा एका कोठडीपाशी जाऊन थांबते. भक्तांना त्या कोठडीच्या भिंतींवर महाकाव्य दिसते, विरोधकांना दयेचे अर्ज दिसतात. इतक्या वर्षांच्या हमरीतुमरीत दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर मात्र संपूर्ण एकमत आहे : कोठडीबाहेर, बेटावर, दखल घ्यावी असे कोणी राहत नव्हते. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप या एकमतावर आहे.

आम्हा नाशिककरांकडे या दोषाचा वाटा थोडा अधिक जातो. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात जॅक्सन मारला गेला आणि गोदाकाठचे हे गाव अंदमानशी कायमचे जोडले गेले. भगूरच्या सावरकरांची ‘माझी जन्मठेप’ (१९२७) आणि ‘काळे पाणी’ (१९३७) ही पुस्तके आमच्या पिढीने शाळकरी वयातच वाचली. पण ‘काळे पाणी’ हे शीर्षक आम्ही वाचलेच नाही. हे पाणी काळे दिसते ते मुख्य भूमीच्या किनाऱ्यावरून. जात बुडण्याच्या आणि परत न येण्याच्या धास्तीतून. ज्यांच्या होड्या पिढ्यानपिढ्या त्याच पाण्यात मासे आणि कासवे धरत होत्या, त्यांना ते काळे वाटण्याचे कारण नव्हते. म्हणजे पहिले पान उलटण्यापूर्वीच पाहणारा कोण आणि दृश्य कोण, हे ठरून गेलेले असते.

कादंबरीत जावरे येतात ते अरण्याचा एक भाग म्हणून, अरण्याइतकेच अनाम. याच्या बरीच आधी कॉनन डॉयलने ‘द साइन ऑफ फोर’मध्ये (१८९०) टोंगा नावाच्या अंदमानी माणसाच्या हाती विषारी काटे फुंकण्याची नळी दिली होती. अंदमानी माणसाचे शस्त्र धनुष्यबाण. असली नळी त्याच्याकडे नव्हतीच. साम्राज्याच्या राजधानीतला लेखक आणि साम्राज्याचा बंदी यांची राजकीय स्थाने परस्परांच्या पूर्ण विरोधी, तरीही बेटवासीयाला दोघांच्या कल्पनासृष्टीत मिळालेली जागा जवळजवळ एकच. एडवर्ड सैदचे नाव घेत इंग्रजी कादंबऱ्यांचे वाभाडे काढणाऱ्या आपल्या अभ्यासकांना हे साम्य का दिसू नये?

आता प्रत्यक्ष इतिहास पाहा. १७८९ मध्ये ब्लेअरने वसवलेली पहिली वसाहत १७९६ मध्ये मोडली. १८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये, वॉकर कैद्यांना घेऊन पुन्हा उतरला. जंगल तोडायला कुऱ्हाडी दिल्या त्या याच कैद्यांच्या हाती. त्यांत उठावातले शिपाईही होते. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८५९ मध्ये, ग्रेट अंदमानी लोकांनी या टोळ्यांवर हल्ले केले. त्यांतल्या एका हल्ल्याबद्दलची वॉकरची नोंद विलक्षण आहे. पायात कैदेचे कडे असलेल्यांना, त्यांनी विरोध केला नाही तर, हल्लेखोर सोडून देत होते. शोध चालला होता तो लाल पागोटे, बिल्ला आणि रंगीत पट्टा मिरवणाऱ्या, कडे नसलेल्या मुकादमांचा. चिन्हमीमांसेवर परिसंवाद भरवणाऱ्या आपल्या विद्वानांनी हा प्रसंग जरूर वाचावा. ज्यांना ‘रानटी’ म्हटले गेले त्यांनी वर्षभरात वसाहतीची सत्तारचना अंगावरच्या खुणांवरून अचूक वाचली होती. गुलाम कोण आणि गुलामांवरचा अधिकारी कोण, हे त्यांना कळत होते.

मे महिन्यात ॲबर्डीनची लढाई झाली. हल्ला होणार ही खबर वॉकरला दिली दूधनाथ तिवारीने. हा १८५७ चा शिपाई, पळालेला कैदी. सुमारे वर्षभर त्याच लोकांत राहिलेला, त्यांच्यातच लग्न केलेला. बक्षीस म्हणून त्याला माफी मिळाली. अंदमानातल्या माफीवर दौतीच्या दौती रित्या करणाऱ्या आपल्या वादपटूंना ही माफी कधी आठवत नाही. बंडखोर, आश्रित, जावई आणि फितूर असे चार अवतार एका देहात असलेला हा माणूस मराठी कादंबरीकाराला अजून दिसलेला नाही. आमच्या ‘वीर’ आणि ‘भ्याड’ या दोन खणांत तो मावत नाही, हेच त्याचे कारण असावे.

यावर उत्तर तयार असते : जो स्वतः कोलू फिरवत होता त्याच्याकडून मानववंशशास्त्राची अपेक्षा कशी करता? प्रश्न रास्त आहे. बंद्याला कोठडीतून जे दिसले ते त्याने लिहिले, आणि त्याच्या यातना खऱ्या होत्या. पण वाचक कोठडीत नाही. पोर्टमनचा दोन खंडांतला इतिहास १८९९ पासून छापील आहे, रॅडक्लिफ-ब्राऊनचा ग्रंथ १९२२ पासून. ग्रेट अंदमानी १९०१ च्या जनगणनेत ६२५ उरले होते आणि १९६१ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर चौदा वर्षांनी, १९. देशीवादावर दशकानुदशके हिरिरीने बोलणाऱ्या आपल्या समीक्षेला बंगालच्या उपसागरात ‘देशी’ कोण, हा प्रश्न पडू नये याचे नवल वाटते. सह्याद्रीच्या पलीकडे आपली देशी दृष्टी क्षीण होत असावी!

२०१५ मध्ये विश्व मराठी साहित्य संमेलन पोर्ट ब्लेअरला भरले. त्याच्या पाचच वर्षे आधी, जानेवारी २०१० मध्ये, त्याच गावात बोआ सीनियर ही वृद्धा वारली आणि तिच्याबरोबर ‘बो’ भाषा संपली. अन्विता अब्बी यांनी तिचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवले, म्हणून त्या भाषेचा आवाज तरी उरला. २०१८ मध्ये रॉस, नील आणि हॅवलॉक या बेटांची नावे बदलून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, शहीद आणि स्वराज झाली. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजय पुरम झाले. इंग्रजांची नावे गेली. त्यांच्या जागी आलेल्या चारांपैकी एकही नाव बेटावरच्या कोणत्याही भाषेतले नाही.