नवख्या पाणबुड्याला संगणक हवा का?

सोडावॉटरची बंद बाटली निरखून पाहा. आत एकही बुडबुडा दिसत नाही. झाकण काढताच मात्र फस्सकन बुडबुडे वर येतात. दाबाखाली पाण्यात विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड दाब कमी होताच बाहेर पडतो. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरणाऱ्या पाणबुड्याचे शरीरही या बाटलीसारखेच असते. फक्त त्यात विरघळतो तो नत्रवायू.

पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो. २० मीटरवर तो पृष्ठभागावरील दाबाच्या तिप्पट होतो, आणि पाणबुड्याला श्वासही तेवढ्याच दाबाच्या हवेचा घ्यावा लागतो. त्या हवेतील प्राणवायू शरीर वापरते. नत्र मात्र रक्तात आणि ऊतींत साठत राहतो. पाणबुड्या खोलवर फार वेळ राहिला आणि घाईने वर आला, तर या नत्राचे बुडबुडे बनतात. सांधे असह्य दुखतात. मज्जारज्जूला इजा झाली तर पाय लुळेही पडू शकतात. म्हणजे किती खोलीवर किती मिनिटे राहावे, हा जिवाचा हिशेब आहे.

हा हिशेब करणारे, घड्याळासारखे मनगटावर बांधायचे एक उपकरण मिळते. त्याला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. आपण मनगटी संगणक म्हणू. नुकत्याच शिकलेल्या पाणबुड्याला या महागड्या उपकरणाची गरज आहे का? काहीजण म्हणतात, नवशिक्या फार खोल जात नाही, जाणकार माणूस बरोबर असतो, तेव्हा ही चैन कशाला? दुसरे म्हणतात, संगणक असताना आकडेमोड शिकायचीच कशाला? मला ही दोन्ही मते पटत नाहीत.

प्रथम हा हिशेब आला कोठून ते पाहू. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी प्रयोग केले ते शेळ्यांवर. शेळ्यांना दाबाच्या कोठीत ठेवायचे, मग दाब कमी करायचा आणि कोणती शेळी दुखऱ्या सांध्यामुळे पुढचा पाय उचलून धरते ते पाहायचे! १९०६ साली त्यांचा १३ वर्षांचा मुलगाही पाणबुड्याचा पोशाख घालून समुद्रात उतरला होता. हाच मुलगा पुढे जे. बी. एस. हॉल्डेन या नावाने प्रसिद्ध झाला आणि १९५७ साली भारतात येऊन राहिला. या प्रयोगांवर आधारलेली कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध झाली. सगळ्या ऊती सारख्याच वेगाने नत्र घेत नाहीत, हे त्यांतील मर्म होते. हॉल्डेन यांनी पाच काल्पनिक ऊती मानल्या. त्यांतील सर्वांत जलद ऊती ५ मिनिटांत निम्मी भरते, तर सर्वांत मंद ऊतीला त्यासाठी ७५ मिनिटे लागतात.

पुढे यात पुष्कळ सुधारणा झाल्या. अमेरिकी नौदलाच्या एका जुन्या कोष्टकानुसार १८ मीटरवर ६० मिनिटे राहून वाटेत न थांबता वर येता येई. ३० मीटरवर मात्र २५ मिनिटेच मिळत. १९८३च्या सुमारास हेच गणित करणारी छोटी संगणकयंत्रे बाजारात आली. आजची यंत्रे दर काही सेकंदांनी दाब मोजतात आणि अजून किती मिनिटे राहता येईल ते दाखवतात.

आता नवशिक्याचा विचार करा. मालवण-तारकर्लीला हौशी पर्यटकाला प्रशिक्षक हाताला धरून खाली नेतो, तेव्हा खोली थोडीच मीटर असते. तेथे पर्यटकाला संगणक नसला तरी चालेल. परंतु रीतसर शिक्षण घेऊन १८ मीटरपर्यंत जाण्याचा परवाना ज्याला मिळाला, त्याची गोष्ट वेगळी. श्वास, मुखवटा, तरंगण्याचा तोल आणि टाकीतील हवा या साऱ्यांकडे त्याला लक्ष द्यायचे असते. एवढ्या गडबडीत खोली आणि वेळ ध्यानात ठेवणे अनुभवी माणसापेक्षा त्यालाच अधिक कठीण जाते. नवशिक्या भराभर वरही येतो. मिनिटाला साधारण ९-१० मीटरपेक्षा वेग वाढला की मनगटी संगणक इशारा देतो. म्हणून माझे मत असे, की संगणक नवशिक्याला हवाच. विकत घेणे परवडत नसेल तर भाड्याने घ्यावा. पण तो ज्याच्या-त्याच्या मनगटावर असावा. जोडीदाराचा संगणक जोडीदाराची खोली मोजतो, आपली नव्हे.

परंतु हे यंत्र काय मोजते? फक्त दाब आणि वेळ. तुमच्या रक्तातील नत्र ते मोजत नाही. काल्पनिक ऊतींचे गणित मांडून अंदाज करते. तुम्ही थकला आहात, थंडीने कुडकुडत आहात किंवा पाणी कमी प्यायला आहात, हे त्याला कळत नाही. दोन कंपन्यांची यंत्रे एकाच बुडीसाठी वेगवेगळी मिनिटे दाखवू शकतात, कारण दोघांची गृहीते वेगळी असतात. आणि श्वास रोखून वर येण्याची चूक केली, तर दीड-दोन मीटरवरूनही फुप्फुसाला इजा होऊ शकते. तेथे कोणताही संगणक वाचवू शकत नाही.

ज्याने कोष्टक वाचून एकदा तरी हा हिशेब हाताने केला आहे, त्याला पडद्यावरील आकड्याचा अर्थ कळतो. '५ मिनिटे शिल्लक' याचा अर्थ पाचवे मिनिट संपेपर्यंत धोका नाही असा नव्हे, हे तो जाणतो आणि आधीच वर येऊ लागतो. ज्याने हिशेब केलेला नाही, तो त्या आकड्याला हमी समजतो. यंत्र बंद पडले तर तो गोंधळतोही. काही ठिकाणी आता कोष्टके वगळून थेट संगणकावरच शिकवतात. वेळ वाचतो हे खरे; पण वर्गात आधी पाढे आणि मग गणकयंत्र हा क्रम आपण ज्या कारणासाठी पाळतो, तेच कारण येथेही लागू पडते.

हे गणित शाळेतही करता येईल. २० मिनिटांत निम्म्या भरणाऱ्या ऊतीचा आलेख काढा: २० मिनिटांनी ५० टक्के, ४० मिनिटांनी ७५ टक्के, ६० मिनिटांनी ८७.५ टक्के. मग त्याच कागदावर ५ आणि ७५ मिनिटांच्या ऊतींचे आलेख काढून तिन्ही रेषा ताडून पाहा. किरणोत्सर्गी पदार्थाच्या अर्धायुष्याचा धडा झाला असेल, तर ही रेषा ओळखीची वाटेल. तो आलेख ज्याला समजला, त्याने खुशाल मनगटावर संगणक बांधावा.